दोन तबकड्या

आमच्या टूल-रूमच्या मागच्या भिंतीला एक जुने लोखंडी कपाट आहे. वरच्या कप्प्यात स्लिप गेज, प्लग गेज आणि मायक्रोमीटर आपापल्या पेट्यांत ठेवलेले असतात; मधल्या कप्प्यात नकाशांच्या सुरळ्या आणि चलनांच्या फायली. सर्वांत खालच्या कप्प्याकडे सहसा कोणी वाकत नाही. तिथे एच.डी. डीव्हीडी वाजवणारे एक यंत्र, आमच्याच गल्लीत तयार झालेला एक लहान ट्रान्सफॉर्मर आणि बीटामॅक्स पद्धतीची एक व्हिडिओ कॅसेट मी जपून ठेवली आहे. कर्नाटकात आयुधपूजेचा थाट मोठा. त्या दिवशी पीण्यातल्या प्रत्येक गाळ्यात लेथपासून हातगाडीपर्यंत सारे धुऊन-पुसून त्याला कुंकू लावतात, यंत्रांना केळीचे खुंट बांधतात आणि दारात कोहळे फोडतात. आदल्या दिवशी कपाटे आवरण्याचे काम असते. तेव्हा माझा मुलगा खालच्या कप्प्यापुढे उकिडवा बसून दरवर्षी विचारतो, "बाबा, यंदा तरी हे भंगारात द्यायचं का?" मी दरवर्षी "राहू दे" म्हणतो. कारण विचारण्याच्या भानगडीत तो पडत नाही, आणि मीही ते कधी नीट सांगितलेले नाही.

मी मूळचा निपाणीचा. १९८० साली पदविका घेऊन बंगळूरला आलो तेव्हा पीण्या औद्योगिक क्षेत्र नुकतेच वसत होते. तुमकूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोकळे माळ होते, आणि त्या माळांवर एकेक पत्र्याची शेड उभी राहत होती. आज तिथून मेट्रो जाते. २०१४ साली ती सुरू झाली तेव्हा मी पहिल्यांदाच आमची वसाहत वरून पाहिली आणि एवढ्या लहानशा छपरांखाली एवढे लोखंड कापले जाते याचे मलाच नवल वाटले. कोणी दंतचक्रे कापतो, कोणी मुलामा चढवतो, कोणी स्प्रिंगा वळतो, कोणी रबराचे भाग ओततो, कोणी ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळतो. आमच्याकडे प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे होतात. १९८८ पासून हा उद्योग आम्ही दोघांनी मिळून चालवला. माझे भागीदार बेळगावचे, माझ्याहून सात वर्षांनी मोठे. सारा गाळा त्यांना अण्णा म्हणे आणि मीही म्हणे.

साच्याच्या धंद्यात माणसाला एक सवय जडते. मापाखेरीज कशावर विश्वास ठेवायचा नाही. भोक बरोबर पडले की नाही हे कोणाच्या मतावर ठरत नाही. प्लग गेजला दोन टोके असतात. 'गो' टोक भोकात सहज गेले पाहिजे आणि 'नो-गो' टोक तोंडाशी अडले पाहिजे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की माल चांगला. मालकाला काय वाटते, गिऱ्हाईक कोण आहे, शेजारच्या गाळ्यात काय चालले आहे, याच्याशी त्या भोकाचा संबंध नसतो. माणसाने आयुष्यातल्या निवडीही अशाच कराव्यात, असे मला पन्नाशीपर्यंत मनापासून वाटत होते.

२००७ सालच्या दिवाळीत आम्ही घरी बत्तीस इंची सपाट दूरदर्शन संच घेतला. तोवर आमच्या घरची करमणूक म्हणजे व्हीसीडी. परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांवर त्या स्वस्त तबकड्यांचे किती उपकार आहेत, हे तिथे राहिल्यावाचून समजायचे नाही. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात एखादे नाटक होई तेवढेच. एरवी पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा येताना नाटकाच्या दोन-चार व्हीसीडी घेऊन येई. एका तबकडीवर सव्वा तास मावे. पहिली संपली की पात्र वाक्याच्या मध्येच थबके, आणि दुसरी घालेपर्यंत कोणीतरी चहा ठेवून येई. चित्र धूसर, चेहऱ्यांवर चौकटी उमटलेल्या. पण भाषा आपली होती. नव्या संचावर मात्र ते चित्र अगदीच केविलवाणे दिसू लागले. म्हणून माझा भाचा न्यू जर्सीहून नाताळच्या सुटीत यायचा होता, त्याला मी म्हटले, "येताना चांगल्यापैकी प्लेअर घेऊन ये."

त्याचा दूरध्वनी आला. "मामा, आणतो; पण कुठला आणू ते तुम्ही सांगा. इथे दोन तट पडलेत. एच.डी. डीव्हीडी आणि ब्लू-रे. एकाची तबकडी दुसऱ्यात चालत नाही."

हे बोलणे चालू असताना बायको जवळच उभी होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अहो, नवीन काय आणायचं ते आणा. पण आपल्या लग्नाची ती टेप दिसेल असं काही मिळतं का, ते आधी विचारा." भाचा हसला. मीही हसलो. त्या टेपेकडे नंतर येतो.

दोन पद्धतींपैकी एक निवडायची, तर आधी त्यांची मापे पाहावीत, असे मी ठरवले. भाच्याने माहितीचे कागद पाठवले आणि आठवडाभर दुपारच्या डब्याच्या वेळी मी आणि अण्णा ते वाचत बसलो. दोन्ही तबकड्यांत किरण एकच होता: ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर जांभळा लेसर. सीडीचा किरण ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा, तांबडा. तरंगलांबी जितकी कमी तितका किरणाचा ठिपका बारीक, आणि ठिपका जितका बारीक तितकी तबकडीवरची लिपी बारीक लिहिता येते. हा निळा प्रकाश घनपदार्थातून काढणे हेच अनेक वर्षे अशक्यप्राय मानले जात होते. जपानातील शिकोकू बेटावरच्या निचिया या फारशा परिचित नसलेल्या रसायन कंपनीत शूजी नाकामुरा यांनी ते काम तडीस नेले. निळ्या दिव्याच्या शोधासाठी आकासाकी आणि अमानो यांच्या जोडीने त्यांना २०१४ साली नोबेल पारितोषिकही मिळाले.

प्रकाश एकच असूनही भांडण होते, ते खोलीचे होते. डीव्हीडी ही मुळात ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली असते. तोशिबाच्या पक्षाने एच.डी. डीव्हीडीतही तीच रचना ठेवली, अक्षरे ०.६ मिलिमीटर खोल, पारदर्शक प्लास्टिकच्या आड सुरक्षित. सोनी आणि तिच्या सोबत्यांनी अक्षरे जवळजवळ पृष्ठभागावरच आणून ठेवली. वर आवरण फक्त ०.१ मिलिमीटरचे, म्हणजे वहीच्या कागदाएवढे. भिंग तबकडीच्या तितके जवळ आणता आल्यामुळे ठिपका आणखी बारीक झाला आणि अक्षरांच्या ओळी ०.३२ मायक्रॉनवर आल्या, एच.डी. डीव्हीडीत त्या ०.४० मायक्रॉनवर होत्या, तर साध्या डीव्हीडीत ०.७४ वर. परिणाम असा की ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट मावत आणि एच.डी. डीव्हीडीच्या एका थरात १५. पण कागदाएवढ्या आवरणाला ओरखड्याचे भय. २००३ साली जपानात या पद्धतीचे पहिले यंत्र आले, तेव्हा तबकडी उघडी ठेवण्याचा धीरच झाला नव्हता. ती डबीत बंद असे. पुढे कठीण लेप सापडला आणि डबी गेली.

माझा कौल लगेच ठरला. डीव्हीडी ओतणारे जुने यंत्रसंच थोडक्या फेरफाराने एच.डी. डीव्हीडी काढू शकत होते. ब्लू-रेसाठी बरेचसे नव्याने उभारावे लागणार होते. साचा करणाऱ्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जे आहे त्यावर पुढचे उभे करावे, चालते यंत्र मोडीत काढू नये, ही आमची रीत. शिवाय एच.डी. डीव्हीडीला मुलूखबंदी नव्हती. ब्लू-रेने पृथ्वीचे अ, ब, क असे तीन भाग पाडले होते. अमेरिका 'अ' मध्ये आणि भारत 'क' मध्ये. अमेरिकेतून आणलेल्या यंत्रात उद्या भारतातली तबकडी चालेलच असे नाही. दुसऱ्या तबकडीचे मात्र जगभर एकच चलन. आणि किंमत? नोव्हेंबरात अमेरिकेतल्या दुकानांत तोशिबाचे एक यंत्र शंभर डॉलरच्या आत विकले गेले होते. ब्लू-रेला त्याच्या तिप्पट-चौपट मोजावे लागत.

अण्णांनी सगळे ऐकून घेतले. डबा पुसत ते म्हणाले, "जुन्या मशिनीवर निघतंय, हे बरं आहे. खरं, हा हिशेब कारखानदाराचा झाला, गिऱ्हाइकाचा नव्हे. गिऱ्हाईक तुमची मशीन बघायला येत नाही."

"पण तबकडी चांगली कोणती?" मी विचारले.

"दोन्ही चांगल्या असतील की. तुम्ही तबकडी निवडाय लागलाय. सिनेमावाले कुणाच्या घरात जेवायला बसतील, ते बघा आधी."

त्यांच्या मनगटावर जालहळ्ळीच्या कारखान्यातले एच.एम.टी.चे चावीचे घड्याळ होते. त्या घड्याळाकडे पाहून मला वाटले, या माणसाला तरी माझी बाजू पटायला हवी होती. एच.एम.टी.ने १९६१ साली सिटिझनच्या साहाय्याने जालहळ्ळीत घड्याळे करायला घेतली, आणि नंतरची पंचवीस वर्षे नोकरी लागलेल्या मुलाच्या आणि बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवाच्या हातावर बहुधा तेच घड्याळ असे. पुढे सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली. एच.एम.टी.नेही ती काढली, पण तिचा भर चावीच्या घड्याळांवर राहिला. इथून तासा-दीड तासाच्या वाटेवर होसूरला टायटनने १९८७ पासून क्वार्ट्झचाच ध्यास धरला, आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. सरकारने २०१६ साली एच.एम.टी. घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर तीच चावीची 'जनता' घड्याळे लोक हौसेने शोधू लागले. म्हणजे घड्याळ वाईट होते म्हणून गेले असे नाही, आणि चांगले होते म्हणून राहिले असेही नाही. पण हे सगळे मला आज सुचते आहे. तेव्हा मी अण्णांना एवढेच म्हटले, "मापाने पाहिलं तर माझं बरोबर आहे." ते म्हणाले, "असंल." आणि आम्ही कामाला लागलो.

भाचा नाताळात आला. यंत्र ११० व्होल्टवर चालणारे होते, म्हणून गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवाल्याने दोन दिवसांत २३० चे ११० करणारा एक ठोकळा गुंडाळून दिला. त्याने पैसे घेतले नाहीत. चित्र पाहायला बोलवा म्हणाला. डिसेंबरच्या ३० तारखेला आमच्या बैठकीच्या खोलीत पंधरा माणसे जमली. 'प्लॅनेट अर्थ' या बीबीसीच्या मालिकेची तबकडी भाच्याने आणली होती. बर्फाच्या कड्यावरून उतरणारा हिमबिबट्या पडद्यावर आला तेव्हा त्याच्या अंगावरचा केस न् केस दिसत होता. ट्रान्सफॉर्मरवाला पुढे सरकून म्हणाला, "याला हात लावला तर गार लागेल." अण्णा मागे खुर्चीत बसले होते. त्यांनीही मान डोलावली. मी मनोमन जिंकलो होतो. भारतातल्या डीव्हीडी मात्र ते यंत्र घेईना, एच.डी. तबकड्यांना मुलूखबंदी नसली तरी जुन्या डीव्हीडींची मुलूखबंदी त्यात होतीच, हे मला त्या रात्री कळले. आमची नाटके जुन्याच यंत्रावर राहिली.

त्यानंतर आठवडाही लोटला नाही. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने जाहीर केले की यापुढे आपले चित्रपट फक्त ब्लू-रेवर निघतील. तोवर ही कंपनी दोन्हीकडे तबकड्या देत होती. तिने एक पाट उचलला आणि पंगत उठली. फेब्रुवारीत वॉलमार्टने एच.डी. डीव्हीडी ठेवणे बंद करणार असल्याचे सांगितले. १९ फेब्रुवारीला तोशिबाने ही यंत्रे करणे थांबवत असल्याची घोषणा केली. २००६ च्या मार्चअखेर जपानात पहिले यंत्र विकायला आले होते. तिथून दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

बातमी वाचून मी गाळ्यात आलो तेव्हा अण्णांनी विषय काढला नाही. त्यांचा हा मोठेपणा मला त्या दिवशी टोचला. ते हसले असते तर बरे झाले असते. मी संतापलो होतो, आणि तो संताप शंभर डॉलरांचा नव्हता. माझी मापे चुकली नव्हती. आवरणाची जाडी, ओळींतले अंतर, किंमत, मुलूखबंदी, यांतली एकही गोष्ट मी चुकीची वाचली नव्हती. भोक बरोबर पडले होते आणि तरीही माल नापास झाला होता. पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आले की निवडीला गेज नसते. तिचे माप ज्या वस्तूत असते त्याहून अधिक ते इतर लोक काय निवडतात त्यात असते, आणि ते लोक आपल्याला कधी भेटत नाहीत. बुरबँक नावाच्या गावातल्या कचेरीत कोणीतरी एक कागद सही केला आणि पीण्यातल्या एका टूल-रूमवाल्याचा निर्णय त्या क्षणी चुकीचा ठरला. तोवर तो बरोबर होता की नव्हता, हे कोणालाच सांगता आले नसते.

अशा वेळी मला आजोबांची आठवण होते. त्यांची निपाणीत तंबाखूची वखार होती. त्यांच्या हिशेबाच्या वह्या आमच्या माळ्यावर अजून आहेत. लाल कापडात बांधलेल्या, बोरूने लिहिलेल्या, सगळ्या मोडीत. हात न उचलता ओळीच्या ओळी पळवणारी ती लिपी. व्यापाऱ्याला आणि कारकुनाला तिच्याहून सोयीची दुसरी नव्हती. पण छपाईला बाळबोध सोयीची पडली, शाळेत बाळबोध आली, सरकारी कागदांतूनही मोडी गेली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लिहिण्याचा तो वेग कोणाला हवासा राहिला नाही. वडिलांना मोडी अडखळत वाचता येई. मला येत नाही. आजोबांनी वह्या बांधताना कागद उत्तम निवडला होता. शाई आजही काळी आहे, वाळवी लागलेली नाही. वही शाबूत आहे, वाचणारा गेला. आजोबांनी चुकीची लिपी निवडली, असे मला म्हणवत नाही. त्यांच्या काळात त्यांच्या धंद्याला तीच लिपी योग्य होती.

आता त्या टेपेविषयी. आमचे लग्न १९८६ साली निपाणीत झाले. माझा आतेभाऊ तेव्हा मस्कतला नोकरीला होता. तो बीटामॅक्स पद्धतीचा कॅमेरा घेऊन आला आणि लग्नभर खांद्यावर बंदूक धरावी तसा तो धरून फिरला. त्या कॅमेऱ्यात चित्र घेता येई, पाहता मात्र येत नसे. पाहायला निराळे यंत्र लागे. तेही त्याने आमच्याकडेच ठेवले. बीटामॅक्स १९७५ साली आली, तिची प्रतिस्पर्धी व्हीएचएस १९७६ साली. चित्र बीटामॅक्सचे सरस, असे जाणकार सांगत. व्हीएचएसच्या कॅसेटवर सुरुवातीपासून दोन तास मावत, बीटामॅक्सवर आरंभी एकच. आमच्या गावात भाड्याने मिळणाऱ्या कॅसेटी बहुतेक व्हीएचएसच्या होत्या. हळूहळू आमच्या यंत्रात घालायला लग्नाच्या टेपेवाचून काही उरले नाही. मग यंत्र बिघडले, दुरुस्त करणारा मिळेना, आणि एका पावसाळ्यात घर आवरताना ते भंगारवाल्याकडे गेले. ते मीच दिले. १९९१ साली आई गेली. तिचा बोलता-चालता दिसणारा एकच पुरावा त्या टेपेवर होता, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही. बायकोच्या मात्र ते ध्यानात होते. लग्न होऊन आल्यावर आईने तिला पाच वर्षे लेकीसारखे वागवले होते.

२००८ सालच्या त्या पराभवानंतर मी एके दिवशी टेप गाळ्यात आणली आणि अण्णांपुढे ठेवली. "हे वाचणारं यंत्र मिळेल का कुठं?" अण्णांनी टेप उलटसुलट करून पाहिली. तिच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. त्यांनी काही आश्वासन दिले नाही. पण त्यानंतर दर शनिवारी दुपारी ते एस.पी. रोडला जाऊ लागले. ज्यांना बंगळूर ठाऊक आहे, त्यांना एस.पी. रोड सांगायला नको. मोडलेल्या यंत्रांचे सुटे अवयव जिथे ढिगांनी मिळतात असा तो बाजार आहे. पाचव्या की सहाव्या शनिवारी ते एक धुळीने भरलेले बीटामॅक्स यंत्र काखोटीला मारून परतले. किंमत त्यांनी कधी सांगितली नाही.

यंत्र उघडले तेव्हा आतले रबर सगळे संपलेले होते. पट्टे विरघळून डांबरासारखे झाले होते आणि टेप ओढणारा रबरी रूळ दगडासारखा कठीण पडला होता. हे भाग आता जगात कोणी करीत नव्हते. पण आम्ही पीण्यात होतो. चार गाळे सोडून रबर ओतणारा होता. त्याने रुळावर नवे रबर चढवून दिले. आम्ही ते ग्राइंडरवर घासून शतांश मिलिमीटरच्या आत गोल केले. पट्ट्यांसाठी तीन मापे करून पाहावी लागली. पहिला घसरत होता, दुसरा आवाज ताणत होता. विद्युतपुरवठ्याच्या भागातली फुगलेली धारित्रे ट्रान्सफॉर्मरवाल्याने बदलली. टेपेवरची बुरशी अण्णांनी स्वतः, चष्मा कपाळावर सारून, मऊ कापडाने पुसली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. हे सगळे चालू असताना आम्ही लेथवरची गिऱ्हाइकांची कामे थांबवली नाहीत, पण दिवसातला जो वेळ उरे तो त्या यंत्राचा होता. चांगली तबकडी कोणती, हा वाद आम्ही त्या दोन महिन्यांत एकदाही केला नाही.

चित्र आले तेव्हा त्यात आडव्या पांढऱ्या रेघा पळत होत्या आणि रंग उतरले होते. मांडव, मुंडावळ्या, वाजंत्री, तरुण दिसणारे मेलेले लोक. आई कुठेच मध्यभागी नव्हती. ती सतत मागून जात होती: एकदा अक्षतांचे ताट घेऊन, एकदा कोणाला तरी पाटावर बसवत. माझ्या आठवणीत ती होती त्याहून ठेंगणी दिसली. मग एकदा कॅमेरा तिच्यावर थांबला. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "मला कशाला काढतोस रे? नवरा-नवरीला काढ." आणि ती चौकटीबाहेर गेली. एवढेच. दहा-बारा सेकंद असतील. बायकोने ते परत लावायला सांगितले. अण्णा म्हणाले, "वहिनी, टेप जुनी आहे. आधी उतरवून घेऊ, मग किती वेळा बघायचं ते बघा."

आणि मग अण्णांनी माझ्याकडे पाहिले. "कशावर उतरवायचं? सांगा की आता. तुम्ही मापाचे माणूस." जानेवारीपासून पहिल्यांदा आम्ही दोघे मोकळेपणाने हसलो.

आम्ही ते तीन ठिकाणी उतरवले: एका डीव्हीडीवर, मुलाच्या संगणकावर आणि भाच्याकडे अमेरिकेत. पुढे डीव्हीडीवर डाग पडले तेव्हा संगणकावरून नवी केली. संगणक बदलला तेव्हा मुलाने ते नव्यात घातले. गेल्या वर्षी त्याने ते पुन्हा एका नव्या ठिकाणी हलवले. कुठल्या, ते त्याने सांगितले आणि मला नीटसे समजले नाही. पण दर तीन-चार वर्षांनी ते हलवायचे, एवढे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.

दरम्यान जिंकलेल्या तबकडीचेही दिवस सरत आले. सोनीने बीटामॅक्सच्या कॅसेटी २०१६ च्या मार्चपर्यंत विकल्या. त्याच वर्षी जुलैत व्हीएचएसचे शेवटचे यंत्रही निघाले, म्हणजे हरलेली आणि जिंकलेली पद्धत चार महिन्यांच्या अंतराने एकाच मसणवाटेला गेली. सॅमसंगने २०१९ साली अमेरिकेसाठी नवी ब्लू-रे यंत्रे काढणे थांबवले. २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीने घरी लिहिता येण्याजोग्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्याही बंद केल्या. चित्रपटांच्या ब्लू-रे अजून निघतात, पण बहुतेक घरांतून आता तबकडीच गेली. या बातम्या वाचून मला आनंद झाला नाही. एकेकाळी झाला असता.

अण्णा २०१६ साली बेळगावला परतले. कधीमधी फोनवर बोलणे होते. मला आता वाटते, आम्ही दोघेही थोडे थोडे बरोबर होतो. मी वस्तूकडे पाहत होतो, ते माणसांकडे. पण ज्या गोष्टीने शेवटी काम केले ती आम्हा दोघांच्याही वादात नव्हती. टिकणारी तबकडी अशी नसतेच. कोणीतरी वाचणारे यंत्र जिवंत ठेवतो, आणि मोडायच्या आत कोणीतरी मजकूर पुढच्या पाटीवर उतरवून घेतो, म्हणून तो टिकतो. आजोबांच्या वह्यांच्या बाबतीत आम्ही हे केले नाही. वडिलांना मोडी येत होती, मी शेजारी बसून शिकून घ्यायला हवी होती. तेव्हा मला निवडण्यासारखे काही दिसलेच नाही, आणि आता त्या वह्यांपुढे मी पाहुण्यासारखा बसतो.

म्हणून खालचा कप्पा मी रिकामा करू देत नाही. एच.डी. डीव्हीडीचे यंत्र अजून चालते. वर्षातून एकदा मी ट्रान्सफॉर्मर जोडतो आणि तो हिमबिबट्या कड्यावरून उतरताना पाहतो. दुरुस्त केलेले बीटामॅक्स यंत्र घरी आहे, आणि त्याच्या पट्ट्यांची मापे एका कार्डावर लिहून मी वरच्या कप्प्यात, गेजांच्या पेटीशेजारी ठेवली आहेत. ती बाळबोधीत लिहिली आहेत. गेल्या आयुधपूजेला यंत्रांना कुंकू लावून झाल्यावर मुलाने आपण होऊन खालचा कप्पा उघडला, तिथल्या वस्तूंनाही एकेक बोट लावले आणि विचारले, "बाबा, त्या कार्डावर तिसऱ्या पट्ट्याचं माप पुसट झालंय. पुन्हा लिहून काढू का?"

मी म्हटले, "काढ."